निघालेले अण्णा

आमच्या सोसायटीतले अण्णा व्हॉट्सॲप सोडताहेत. २०२१ च्या जानेवारीपासून सोडताहेत.

त्या महिन्यात नवं प्रायव्हसी धोरण आलं आणि ८ फेब्रुवारीच्या आत ते मान्य करा, असं फर्मान निघालं. तुमचे खासगी मेसेज आम्ही वाचत नाही, हे सांगायला कंपनीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. अण्णांनी ती जाहिरात कापून फाइलला लावली. "वाचत नसते तर एवढं पान घेतलं असतं का?" मग त्यांनी 'व्हॉट्सॲपवर विश्वास ठेवू नका' असा लांबलचक मेसेज लिहिला आणि होते नव्हते तेवढ्या सगळ्या ग्रुपांवर टाकला. व्हॉट्सॲपच्याच.

अण्णांचा अभ्यास पक्का. फेसबुकने २०१४ मध्ये हे दुकान विकत घेतलं, पुढे सहसंस्थापक ब्रायन ॲक्टनच बाहेर पडला आणि २०१८ मध्ये सिग्नल या दुसऱ्या मेसेजिंग ॲपच्या संस्थेला त्याने पाच कोटी डॉलर दिले, एवढा इतिहास ते लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचायच्या आत सांगतात. वर, "ज्यानं रांधलं तोच पानावरून उठला, आणि तुम्ही बसलाय जेवत!"

अण्णा सिग्नलवर गेलेही. पण १५ जानेवारीला तिथे एवढी गर्दी लोटली की सिग्नलच बंद पडलं. 'कुणाचं सिग्नल चालू आहे का?' ही चौकशी त्यांनी कुठे केली, हे सांगायला नको.

आज सिग्नलवर त्यांच्या ओळखीचे तिघेच आहेत: एक विमा एजंट, डिपॉझिटवरून भांडून गेलेला जुना भाडेकरू आणि 'हाय' लिहून गप्प झालेला भाचा. चौथं खातं स्वतःलाच मेसेज पाठवायचं. तिथले मेसेज कंपनीच काय, कुणीच वाचत नाही.

इकडे टाकी धुवायची तारीख, दूधवाल्याचे खाडे, पुतणीच्या साखरपुड्याचे फोटो, सगळं व्हॉट्सॲपवर. कंपनीने मुदत १५ मेपर्यंत वाढवली, तेव्हा अण्णांनीही मुक्काम वाढवला. पुढे 'मान्य'चं बटण कुणी दाबलं, याची घरात अजून चौकशी चालू आहे. संशय नातवावर आहे.

"अण्णा, मग कधी निघताय?" असं विचारलं की ते म्हणतात, "तुम्ही सगळे व्हा पुढे, मी आलोच." गंमत अशी, की सोसायटीतला प्रत्येक जण हेच म्हणतो. कंपनीवर कुणाचाच भरवसा नाही; पण आपण गेल्यावर मागे आपल्याबद्दल काय बोलतील, याची धास्ती प्रत्येकाला आहे.

परवा काकूंनी निकालच लावला. "अहो, जिथे भांडायला माणूस नाही, तिथे खासगीपणा घेऊन काय करायचाय?"

अण्णांनी उत्तर दिलं नाही. ते ग्रुपवर बी विंगच्या पार्किंगबद्दल टाइप करत होते.