बंदुकीचं घरभाडं

भोपाळात आचारसंहिता लागली की तोफा धडाडतात त्या सभांमधून. खऱ्या बंदुका मात्र गुमान पोलीस ठाण्याच्या रांगेत उभ्या राहतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये विधानसभेसाठी उभ्या राहिल्या, मार्च २०२४ मध्ये लोकसभेसाठी पुन्हा. जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम ठरलेला: हत्यारं ठाण्यात जमा करा, नाहीतर परवानाधारक दुकानदाराकडे ठेवा. बँकांचे रखवालदार आणि स्पर्धेत उतरणारे नेमबाज सुटतात. बाकीच्यांची बंदूक निकाल लागेपर्यंत नजरकैदेत.

ठाण्यात ठेवली तर हाती पावती पडते. दुकानात ठेवली तर पावतीबरोबर महिन्याचं भाडंही पडतं. अरेरा कॉलनीतल्या आमच्या एका स्नेह्यांनी तरीही दुकानच पसंत केलं. त्यांच्याकडे वडिलोपार्जित दुनळी आहे. तिने उभ्या आयुष्यात एकच रानडुक्कर पाहिलं, तेही लांबून. "अहो, ठाण्यातला मालखाना बघितलाय का कधी?" त्यांनी विचारलं. बघितला होता. जप्तीच्या गाठोड्यांवर लाखेच्या मोहरा, कोपऱ्यात गंजलेली सायकल, आणि भिंतीला टेकून ओळीने बंदुका. प्रत्येकीच्या नळीला सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर दमट हवेने पसरलेली शाई. शिवाय उंदीर. छिंदवाड्याच्या पोलिसांनी २०२३ साली सांगितलंच होतं की, जप्त दारूच्या साठेक बाटल्या उंदरांनी रिचवल्या. झिंगलेल्या उंदरांच्या शेजारी काडतुसं ठेवायला कुणाचा जीव धजेल?

तेव्हा आमचं म्हणणं असं, की हा धंदा दुकानदारांच्या पदरात का टाकावा? नगर निगम घरपट्टी घेतं, पाणीपट्टी घेतं, कचऱ्याचेही पैसे घेतं. एक बंदूकपट्टी बसवून मोकळं व्हावं. सुतळीसह साधी जागा एका दराने, तेलपाणी हवं तर दर वेगळा, आणि उंदीर नसलेली खोली फक्त आमदारांच्या चिठ्ठीवर. रविवारी मालकाला भेटीची मुभा, हात लावायचा नाही. मुदतीत सोडवली नाही तर बंदूक सरकारजमा करायची तरतूद शस्त्र कायद्यात आधीपासूनच आहे, म्हणजे वसुलीची चिंता नको.

लोक कुरकुरतील म्हणता? या राज्यात तर नाही. शिवपुरीत २००८ साली नसबंदी करून घेणाऱ्याला बंदुकीच्या परवान्यासाठी पुढचा नंबर देण्याची योजना निघाली होती. ग्वाल्हेरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी २०१९ साली अर्जदारांना दहा झाडं लावून त्यांच्यासोबत सेल्फी काढायला लावली. बंदुकीसाठी जिथे माणूस इथवर येतो, तिथे महिन्याच्या भाड्याचं काय घेऊन बसलात!

मुंबई उच्च न्यायालयाने २००९ साली सरसकट जमा करण्याच्या या सवयीला हरकत घेतली होती. कुणाची बंदूक घ्यायची आणि कुणाची नाही, हे छाननी समितीने माणूस बघून ठरवावं, असा तो निर्णय. निवडणूक आयोगानेही पुढे तशाच सूचना दिल्या. पण छाननीला डोकं लागतं, जमा करायला नुसती सुतळी पुरते.

आता ज्यांची खरी धास्ती, त्यांचं बघू. बडवानीतलं उमर्टी, बुऱ्हाणपुरातलं पाचोरी, खरगोनमधलं सिगनूर ही गावठी कट्ट्यांची माहेरघरं. उमर्टीचा माल सीमा ओलांडून जळगावमार्गे पुण्यापर्यंत पोचतो आणि त्याचा माग काढत पुण्याचे पोलीस उलटे उमर्टीला पोचतात. कट्ट्याला परवाना नाही, म्हणून त्याचं नाव यादीत नाही, म्हणून त्याला जमा करा असं सांगणारी नोटीस पाठवायची कुणाला, हा प्रशासनापुढचा प्रामाणिक प्रश्न आहे. पांढुर्ण्याच्या गोटमारीतल्या धोंड्यांचंही तेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी डोकी फुटतात ती फुटतात, पण धोंडा कुठल्या रजिस्टरात चढवणार?

स्नेह्यांची दुनळी मात्र सगळ्या रजिस्टरांत चढलेली आहे. भोपाळची पालिका निवडणूक जुलै २०२२ मध्ये झाली, म्हणजे पुढची २०२७ ला. मग २०२८ ला विधानसभा, २०२९ ला लोकसभा. परवा त्यांनी मला दुकानात पिटाळलं, तिन्ही निवडणुकांचं भाडं एकरकमी भरलं तर किती सूट मिळेल ते विचारून यायला.