शिव्या द्यायला तरी या

२०१८ सालच्या जूनमध्ये सुनील छेत्रीने हात जोडून एक विनंती केली होती. अंधेरीच्या मैदानावर भारत विरुद्ध चिनी तैपेई अशी मॅच झाली, भारताने पाच गोल केले, त्यातले तीन एकट्या छेत्रीचे, आणि बघायला माणसं होती २,५६९. मग कप्तानाने व्हिडिओ टाकला. आमच्यावर टीका करा, हवं तर शिव्या घाला, पण मैदानावर येऊन घाला, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला. दोनच दिवसांनी केनियाविरुद्धची मॅच, त्याची शंभरावी, मुंबईच्या धो धो पावसात भरगच्च गर्दीसमोर झाली आणि भारत ३-० असा जिंकला.

त्या विनंतीतला शिव्यांचा भाग मला फार पटला. संघ हरल्यावर माणसाला चिडायचं असतं, आणि एकट्याने चिडण्यात काही राम नाही. क्रिकेटवाल्यांची किती छान सोय आहे. अलिबागच्या एस.टी. स्टँडवर उभ्या असलेल्या कुणाही अनोळखी गृहस्थाला तुम्ही ‘तो शॉट मारायची काही गरज होती का?’ असं विचारा. तो कुठला शॉट, कोणी मारला, असलं काही विचारत नाही. लगेच तुमच्या बाजूने सुरू होतो, आणि रेवदंड्याची गाडी लागेपर्यंत दोघांनी मिळून निवड समिती बरखास्त केलेली असते. फुटबॉलच्या रागाला मात्र आमच्या किनाऱ्यावर गिऱ्हाईक नाही. ‘काल भारत हरला’ म्हटलं तर समोरचा दचकून मोबाइल काढतो, स्कोअर शोधतो, आणि ‘हां, ते होय’ म्हणून परत खिशात ठेवतो. त्या ‘हां, ते होय’ने जेवढा त्रास होतो तेवढा अफगाणिस्तानकडून गुवाहाटीत हरल्यावरही झाला नव्हता.

बरं, आमच्याकडे फुटबॉल नाही असंही नाही. ओहोटी लागली, वाळू ओली आणि टणक झाली की वरसोलीला, नागावला पोरं चेंडू घेऊन उतरतात. पाठीवर मेस्सी असतो, रोनाल्डो असतो, नेमारसुद्धा असतो. छेत्री मला अजून दिसायचा आहे. २०२२ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना १८ डिसेंबरला, म्हणजे ऐन पोपटीच्या दिवसांत आला. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, कोंबडी, सगळं रीतसर भरून मडकं उपडं घालून जाळ केला होता. पण फ्रान्सने बरोबरी केली, जादा वेळ आला, मग पेनल्टी आल्या, आणि पोपटीकडे बघायचं भान कोणाला राहिलं नाही. करपलेल्या शेंगा आम्ही अर्जेंटिनाच्या आनंदात खाल्ल्या. एरवी पोपटी जराशी लागली तर दोन-दोन वर्षं टोमणे ऐकावे लागतात! एवढी माया आपल्या लोकांकडे आहे, फक्त ती सगळी निर्यात होते.

राग बघायचा तर कोल्हापूरला जावं. तिथे पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम समोरासमोर आल्या की अख्ख्या पेठा शाहू स्टेडियमवर येऊन बसतात. हरलेल्या संघाला घरी जाताना जे ऐकावं लागतं ते मला या मासिकात लिहिता येणार नाही. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. तो विश्वचषक भारतात भरला म्हणून त्या वर्षी राज्य सरकारने शाळाशाळांतून चेंडू वाटले आणि सगळ्या मुलांनी एक दिवस फुटबॉल खेळावं असं ठरवलं. आमच्या जवळच्या एका शाळेतले चेंडू तो एक दिवस खेळून झाल्यावर कपाटात गेले. सरकारी मालमत्ता, हरवले तर जबाबदार कोण?

माझ्या फुटबॉलचं खापर मी आमच्या मामांवर फोडतो. ते मुंबईला गिरणीत होते. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरायचं आणि पाळी नसेल त्या दिवशी कूपरेजला रोव्हर्स कप बघायचा, हा त्यांचा नेम. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल ही नावं ते घराण्यांची नावं घ्यावीत तशी घेत. टाटांचा नेव्हिल डिसोझा हे त्यांचं दैवत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले आणि भारत चौथा आला. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. १९५१ चं आशियाई सुवर्ण दिल्लीत, १९६२ चं जकार्तात. तिथे सय्यद अब्दुल रहीम नावाचा हैदराबादचा प्रशिक्षक कर्करोग अंगात घेऊन बाकावर बसला होता आणि लाखभर लोक भारताविरुद्ध ओरडत होते. दक्षिण कोरियाला २-१ हरवलं. पुढच्या वर्षी रहीम गेले. त्यानंतर आशियाई सुवर्ण आलेलं नाही. मामा सांगायचे तेव्हा वाटायचं, ही सगळी कालपरवाची गोष्ट आहे आणि उद्या पुन्हा होणार आहे. असलं काही लहान मुलांना सांगू नये.

१९५० च्या विश्वचषकाची गोष्टही तेच सांगत. बाकीच्यांनी माघार घेतली, भारताला आयतं बोलावणं आलं, पण अनवाणी खेळू देणार नाहीत म्हणून आपण ब्राझीलला गेलो नाही. ऐकायला किती स्वाभिमानी वाटतं! १९४८ साली लंडनला आपले बहुतेक खेळाडू खरोखरच बुटाशिवाय खेळले होते आणि दोन पेनल्टी दवडून फ्रान्सकडून जेमतेम २-१ असे हरले होते, त्यामुळे गोष्ट लोकांच्या गळी सहज उतरली. खरं कारण एवढं रंगतदार नव्हतं. फुटबॉल महासंघाला ऑलिंपिक मोठं वाटत होतं, विश्वचषकाचं महत्त्व कळलं नव्हतं, बोटीचा प्रवास लांबचा होता आणि तयारी नव्हती. यजमान खर्चाचा मोठा भाग उचलायला तयार असतानाही आपण घरी बसलो. भारतीय फुटबॉलमध्ये कार्यालयाने केलेला घोळ खेळाडूंच्या पायांवर ढकलायची रीत तेव्हापासूनची आहे.

आणि घोळ तरी कसले! खेळ बघून रडू येतं, पण कारभार बघावा तर प्रशांत दामलेंचा प्रयोग तिकीट काढून बघायची गरज राहत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात संघाला प्रेरणा द्यायला एक कंपनी नेमली, सोळा लाखांना. ती ज्योतिषांची निघाली. पुढच्या वर्षी वृत्तपत्रांतून कळलं की प्रशिक्षक इगोर स्टिमाच हे अफगाणिस्तानच्या मॅचआधी खेळाडूंची यादी एका ज्योतिषाकडे पाठवत होते. याचा दिवस चांगला, याला आज नको, असं तिकडून उत्तर येई. वाईट एवढंच की ती मॅच आपण शेवटच्या मिनिटांत जिंकलो. हरलो असतो तर निदान पत्रिकेचं खातं तरी बंद झालं असतं. २०२२ सालीच देश स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव साजरा करून १६ ऑगस्टला सकाळी उठतो, तर फिफाने आपल्या महासंघावर बंदी घातलेली. कारभारात बाहेरच्यांचा हस्तक्षेप, हे कारण. अध्यक्ष प्रफुल्ल पटेलांची मुदत संपूनही निवडणूक झाली नव्हती, सर्वोच्च न्यायालयाने प्रशासक नेमले होते, ते फिफाला चाललं नाही. २६ तारखेला बंदी उठली. लगेच निवडणूक झाली आणि ज्याने भारतासाठी मैदानं गाजवली त्या बायचुंग भुतियाला मतं पडली एक. कल्याण चौबेंना तेहतीस.

पण माझा सगळ्यात आवडता प्रवेश जुलै २०२५ मधला. प्रशिक्षकाची जागा रिकामी होती, अर्ज मागवले होते, आणि बातमी आली की बार्सिलोनाच्या चावीने अर्ज केला आहे. त्याहून सुंदर पुढचा भाग: परवडणार नाही म्हणून तो अर्ज बाजूला ठेवला, असंही छापून आलं. मग महासंघाने खुलासा केला की चावीच्या नावाने आलेला ईमेल खरा नाही. एका कॉलेजच्या पोराने गंमत केली होती म्हणे. साहेबांनी अर्ज न केलेल्या माणसाला नाकारलं होतं!

महासंघाकडे योजना मात्र भरपूर. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी २०४७ पर्यंतचा आराखडा काढला. रायगडच्या माणसाला असल्या तारखांची भीती वाटत नाही. पनवेल-इंदापूर रस्त्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं तेव्हापासून दर गणपतीला आम्हाला पुढच्या गणपतीची तारीख मिळते, आणि आम्ही ती मनापासून स्वीकारून वडखळच्या खड्ड्यात गाडी घालतो. मुंबई-गोवा महामार्ग आणि भारतीय फुटबॉल हे एकाच कंत्राटदाराला दिलेत असा माझा फार जुना संशय आहे. दोन्हीकडे मधले काही किलोमीटर एकदम गुळगुळीत लागतात आणि तेवढ्यावर माणूस पुन्हा आशा धरतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये असाच एक तुकडा लागला. खालिद जमील, म्हणजे अखेर आपला इथला माणूस, प्रशिक्षक झाला आणि परदेशात पहिल्याच स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा आला. त्याआधी २०२४ हे अख्खं वर्ष आपण एकही मॅच जिंकलो नव्हतो. गोल करायला कोणी सापडेना म्हणून चाळिशीतल्या छेत्रीला निवृत्तीतून उठवून आणलं होतं. सापडणार कुठून? आयएसएल या आपल्या लीगमधले बहुतेक क्लब गोल करायची नोकरी परदेशी खेळाडूला देतात आणि आपली पोरं बगलेवर धावतात. तीही लीग जुलैत थांबवून ठेवलेली, कारण महासंघ आणि ती चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार संपत आला होता आणि पुढे काय, हे ठरत नव्हतं. तरी ओमाननंतर मी घरात दोन दिवस गुणगुणत होतो. ऑक्टोबरात गोव्यात, फातोर्ड्याला, सिंगापूरने २-१ हरवलं आणि आशिया चषकाचं दार बंद झालं.

मग १८ नोव्हेंबर. ढाक्यात बांगलादेशकडून १-०, बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्याकडे लेस्टरचा हमझा चौधरी होता, इंग्लंडमध्ये जन्मलेला. आपण भारतीय पासपोर्टशिवाय कोणाला घेत नाही. आणि ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून आलेल्या रायन विल्यम्सला ढाक्याला नेलं, पण त्याचे कागद वेळेत न आल्याने खेळवता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना बातमी वाचली, कुरासाव विश्वचषकाला पात्र ठरलं. कॅरिबियन समुद्रातलं बेट, लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आमचा रायगड जिल्हा सव्वीस लाखांचा होता. म्हणजे आमच्या एका जिल्ह्यातून सोळा कुरासाव निघतील आणि वर उरण शिल्लक राहील. भारत तेव्हा जागतिक क्रमवारीत १४२ वर होता.

मी तसाच चप्पल घालून नाक्यावर गेलो. आमचे शेजारी, निवृत्त एस.टी. कंडक्टर, वर्तमानपत्र उघडून बसले होते. तीनच दिवसांपूर्वी कोलकात्याच्या कसोटीत १२४ धावा न करता आल्याने आपण दक्षिण आफ्रिकेकडून हरलो होतो, याचा मला त्या क्षणी विसर पडला होता.

“हरलो हो अण्णा,” मी म्हटलं.

“हरणारच!” ते म्हणाले. “माणसं जागेवर खेळवत नाहीत. अनुभवी पोरांना घरी बसवतात. वर बसलेत ते कोणाचं ऐकत नाहीत.”

“अगदी बरोबर.”

“आणि घरच्या मैदानावर! लाज वाटायला पाहिजे.”

फातोर्डा माझ्या डोळ्यांसमोर आलं. “वाटायलाच पाहिजे,” मी म्हटलं.

“पहिले ते मॅनेजमेंट हाकला.”

मी खुर्ची जवळ ओढली आणि दोन चहा सांगितले.