उसनं किती दिवस?

सणसर कटातून खडकवासल्याचं पाणी नीरा डाव्या कालव्यात सुटलं, की इंदापूरच्या शेपटाकडचा शेतकरी ‘किती पाणी?’ नंतर विचारतो. आधी विचारतो, ‘किती दिवस?’ रस्टचा कंपायलर हेच विचारतो, तर आमचे प्रोग्रामर त्याच्या नावानं खडे फोडतात.

असिंक क्लोजरला हाक मारली म्हणून काम उरकत नाही. हातात फक्त फ्युचर येतं. अवेट केलं की ते हलतं, मध्येच थांबतं, सवडीनं पुन्हा उठतं. त्याच्याजवळ उसना रेफरन्स असेल आणि मूळ मालक तोवर कंसाबरोबर निकालात निघालेला असेल, तर? सी++ २० मधल्या को-रूटीन लॅम्बडात असला कोड बिनबोभाट कंपाइल होतो आणि ऐन रात्री प्रॉडक्शनवर गळ्याशी येतो. रस्ट दारातच अडवतो. अडवणाऱ्याला शिव्या घालायची आपली परंपरा जुनी आहे.

मात्र रस्टवाल्यांनीही फार शहाणपणा मिरवू नये. असिंक-अवेट आलं नोव्हेंबर २०१९ मध्ये, १.३९ आवृत्तीत. क्लोजरनं बाहेरचा साधा काउंटर उसना घ्यावा आणि आतल्या असिंक ब्लॉकमध्ये एकानं वाढवावा, एवढीच मागणी. तर उत्तर काय, ‘पकडलेलं व्हेरिएबल एफएनम्यूटच्या बाहेर जाऊ शकत नाही’! मग एका आकड्याभोवती आर्क, आर्कच्या आत म्युटेक्स आणि दर ओळीला क्लोन. लग्न एकाचं, वरात गावाची. खरे असिंक क्लोजर मिळाले ते फेब्रुवारी २०२५ मध्ये, १.८५ बरोबर. आता फ्युचरला थेट क्लोजरकडूनच उसनं घेता येतं, आणि त्यासाठी असिंकएफएन, असिंकएफएनम्यूट ही ट्रेट्सही आहेत.

झालं, पोरं खूश! दुसऱ्याच दिवशी त्याच क्लोजरचं फ्युचर टोकिओ रनटाइमच्या स्पॉनला दिलं आणि पुन्हा बोंब: ‘स्टॅटिक पाहिजे म्हणे!’ पाहिजेच. स्पॉन केलेलं काम जन्म देणाऱ्या फंक्शनपेक्षा जास्त जगू शकतं, मग उसनवारी कुणाच्या भरवशावर? काम त्याच फंक्शनात संपणार असेल तर जॉइन करा, उसनं खुशाल चालेल. नाहीतर मालकी सोडा. पण हा हिशेब मांडायला बसायचं कुणी? त्यापेक्षा दिसेल त्याला क्लोन ठोकायचा आणि बायोडेटात लिहायचं, ‘झीरो-कॉस्ट ॲब्स्ट्रॅक्शनचा अनुभव.’