‘दोघींना परवडणार नाही’ म्हणणाऱ्या सहलवाल्यास



‘‘दोघीच जाताय? मग ऱ्योकानचा नाद सोडा. ते श्रीमंतांचं काम.’’ तुमच्या ऑफिसात, तुमच्या खुर्चीत बसून तुम्ही हे आम्हा दोघी बहिणींना ऐकवलंत. मग मेहेरबानी केल्यासारखी जपानमधल्या हाकोनेची एक रात्र आमच्या गळ्यात मारलीत, तीही शनिवारची. पैसे आमच्या पेन्शनमधले होते. म्हणून हिशेब चारचौघांत मागते आहे.

ऱ्योकान म्हणजे जपानी पद्धतीची खानावळीसकट सराय. जमिनीवर तातामीच्या चटया, रात्री अंथरलेली फुतोनची गादी, अंगात युकाता नावाचा सुती अंगरखा, अंघोळीला गरम पाण्याचं कुंड. तिथला दर खोलीमागे नसतो, माणशी असतो आणि त्यात बहुधा रात्रीचं जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. एका खोलीत दोन माणसं, हाच त्या दराचा पाया. अडचण एकट्या प्रवाशाची होते. त्याला कित्येक ठिकाणी खोलीच देत नाहीत. म्हणजे दोघी असणं ही आमची जमेची बाजू होती आणि तुम्ही तीच आमची अडचण म्हणून सांगितलीत.

साधी सराय जेवणाशिवाय घेतली तर माणशी चार ते सहा हजार येनमध्ये मिळते. शंभर येनला अलीकडच्या दराने पंचावन्न-साठ रुपये धरा. घरगुती मिन्शुकूत दोन जेवणांसकट आठ-दहा हजार येन लागतात. गादी आपली आपण घालायची आणि न्हाणीघर सगळ्यांत मिळून वापरायचं, एवढाच काय तो फरक. गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या नीटस ऱ्योकानात जेवणांसह पंधरा ते पंचवीस हजार. शनिवारी, सुटीच्या आदल्या रात्री, एप्रिलअखेरच्या गोल्डन वीकच्या सुट्यांत, ऑगस्टातल्या ओबोनच्या सणाला आणि नववर्षाला दर चढतात. या धंद्यात मुरलेल्या तुम्हाला हे पाठ असणार. तरी मंगळवार-बुधवार मोकळे असताना आम्हाला शनिवारच दिलात. अंथरूण पाहून पाय पसरणारी माणसं आम्ही. तुम्ही आम्हाला अंथरूणच दाखवलं नाहीत.

आता त्या जेवणाचं बोलू. आम्ही शाकाहारी आहोत हे तुमच्या फॉर्मवर लिहून दिलं होतं. ऱ्योकानला ते काही दिवस आधी कळवावं लागतं, कारण तिथलं जेवण ताट पाहून नव्हे, पाहुण्यांची यादी पाहून शिजतं. तुम्ही कळवलं नाहीत. संध्याकाळी खोलीतल्या बुटक्या मेजावर एकेक वाटी आली. कच्च्या माशांचे काप, मीठ लावून भाजलेला अख्खा मासा, कोळंबी घातलेलं अंड्याचं वाफवलेलं कस्टर्ड. वाढणाऱ्या बाईंनी गुडघ्यांवर बसून काडी ओढली आणि बीफच्या इवल्या कढईखाली ज्योत पेटवली. आम्ही हात जोडून मान हलवली, तशा त्या गोंधळल्या. सूप तरी घ्या, म्हणून वाटी पुढे सरकवली. त्यातही वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क होता. मग त्या धावत स्वयंपाकघरात गेल्या. पांढरा भात, लोणच्याच्या फोडी आणि उकडलेला पाला घेऊन आल्या आणि स्वतःची काही चूक नसताना तातामीला कपाळ टेकवून आमची माफी मागितली. ती माफी तुम्ही मागायला हवी होती. दोन भारी जेवणांचे पैसे भरून आम्ही भात-लोणचं खाल्लं, आणि एका कष्टाळू बाईला तुमच्या हलगर्जीपायी मान खाली घालावी लागली.

याला पर्याय होता. आमच्या बेतात हिरोशिमा होतंच. तिथून शिंकान्सेन बुलेट ट्रेनने कोकुरा आणि पुढे एक्सप्रेसने बेप्पू. बेप्पूच्या कान्नावा भागात ‘काशिमा’ नावाच्या सराया आहेत. दुखणाईत शेतकरी पूर्वी तिथे तांदूळ घेऊन यायचे आणि आठवडेच्या आठवडे झऱ्यांच्या पाण्यात अंग शेकायचे. त्यांच्यासाठी अंगणात वाफेच्या चुली बांधल्या, त्या आजही चालू आहेत. जमिनीतून येणाऱ्या वाफेवर टोपली ठेवायची, वर लाकडी झाकण घालायचं, की रताळं, भोपळा, मका, कोबी गॅसशिवाय शिजतो. आमच्या पिशवीत मेतकूट आणि लोणचं होतंच. खोलीचं भाडं भरून आमचं आम्ही पोटभर जेवलो असतो. ईशान्येकडे इवाते प्रांतातल्या हानामाकीजवळही पाहुण्यांनी स्वतः रांधायची सोय असलेल्या जुन्या सराया आहेत. स्वयंपाकातली वाफ तुमच्या कमिशनला चालत नाही, म्हणून ही नावं तुमच्या तोंडी येत नाहीत.

खासगी कुंडाच्या नावाखालीही तुम्ही पैसे लावलेत. नागानो प्रांतातल्या शिबू ओन्सेनला नऊ सार्वजनिक न्हाणीघरं आहेत आणि मुक्कामाच्या पाहुण्याला त्यांची किल्ली मिळते. किनोसाकीत सराईत उतरलेल्यांना गावातल्या न्हाणीघरांचा पास मिळतो. अशा गावात स्वस्तातली खोलीही चालते, कारण न्हाणं गावाचं असतं. टोकियोतच हवं होतं तर यानाकातलं सावानोया आहे. बारा खोल्यांचं हे कुटुंबाचं ऱ्योकान १९८२ पासून परदेशी पाहुणे घेतं. तिथे रात्रीचं जेवण नसतं, गल्लीतल्या दुकानांत जाऊन खायचं. आणि जेवण-मुक्काम एकत्रच हवा असेल, तर कोयासान डोंगरावर पन्नासच्या आसपास मंदिरं पाहुणे ठेवतात. ती अगदी स्वस्त नाहीत. पण भिक्षूंचं शोजिन जेवण पूर्ण शाकाहारी असतं, त्यात कांदा-लसूणही नसतो. तुमच्याकडे येणाऱ्या जैन कुटुंबांना तरी हे कधी सांगितलंत का?

हा प्रश्न आमच्या पैशांपुरता नाही. १९८० च्या सुमारास जपानात ऐंशी हजारांहून जास्त ऱ्योकान होती, २०१८ पर्यंत ती चाळीस हजारांच्या खाली आली. मालक म्हातारे झाले, मुलं शहरात गेली. आडगावातल्या अशा घराला बुधवारी आलेले दोन पाहुणे मोलाचे असतात. त्यांना ग्राहक हवा आणि आमच्यासारख्यांना परवडणारी खोली. मध्ये बसून तुम्ही दोघांची गाठ पडू देत नाही.

म्हणून मागणी सांगते. यापुढच्या प्रत्येक कोटेशनवर दर माणशी की खोलीमागे हे लिहा. जेवणासह आणि जेवणाशिवाय, दोन्ही आकडे द्या. शनिवार आणि मधल्या वारातला फरक दाखवा. खाण्याची पथ्यं सराईला कळवा आणि तिचं उत्तर ग्राहकाच्या हाती ठेवा. आणि आम्ही न खाल्लेल्या त्या दोन जेवणांचे पैसे परत करा.

पुढच्या वेळी बुकिंग आम्ही स्वतः करणार आहोत.

आपली एक माजी ग्राहक