बांधावरचा यूएस ओपन

आमच्या घरात टेनिस कुणीच खेळलेलं नाही. नंदुरबारात माझ्या लहानपणी ‘कोर्टात चाललोय’ म्हटलं, की लोक एवढंच विचारायचे, दिवाणी की फौजदारी? तरीही सप्टेंबर 2009 मधल्या एका रात्री आमच्या पुढच्या खोलीत नऊ माणसं यूएस ओपनच्या पुरुष दुहेरीचा अंतिम सामना बघायला दाटीवाटीनं बसली होती. टेनिसचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. भावबंदकी बघायला मिळणार होती.

जाळीच्या एका बाजूला लिएंडर पेस, दुसऱ्या बाजूला महेश भूपती. दहा वर्षांपूर्वी, 1999 साली, हेच दोघं जोडीनं चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत पोचले होते. फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकून आले होते, छातीवर छाती आदळून आनंद साजरा करत होते. मग बिनसलं. मधूनमधून देशासाठी एकत्र यायचे, बुसान आणि दोहाच्या आशियाई स्पर्धांतून सुवर्णपदकंही आणली, पण चूल वेगळी ती वेगळीच. नेमकं कशावरून बिनसलं, ते देशानं आपापल्या घरावरून ताडलं. आमच्या घराला फार डोकं चालवावं लागलं नाही.

नाना म्हणजे माझे वडील आणि आप्पा म्हणजे धाकटे काका. शहादे तालुक्यातल्या आमच्या शेताची वाटणी झाली, तेव्हा विहीर, बैल, मोटार, सगळं बिनबोभाट वाटलं गेलं. मधल्या बांधावर एक बाभूळ तेवढी राहिली. बाजारात नेली असती तर चुलीपलीकडे किंमत नाही. पण तिच्यापायी मोजणी झाली, खुणा रोवल्या, खुणा उपटल्या, पुन्हा मोजणी झाली. पहिल्या मोजणीत बाभूळ नानांची निघाली, दुसरीत आप्पांची. तेव्हापासून दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत. “त्यांना सांग, पाणी जपून सोडा.” “त्यांना सांग, ऐकलं.” त्यांच्यामध्ये अंतर असायचं दोन हात.

सामन्याच्या दहाएक दिवस आधी अनंत चतुर्दशीला आमच्या गावातल्या मानाच्या दादा आणि बाबा गणपतींची हरिहर भेट झाली होती. आईनं आधी त्या भेटीकडे पाहिलं, मग नानांकडे, मग आप्पांकडे. दोघांनाही एकदम गर्दीचा त्रास व्हायला लागला आणि दोघं दोन गल्ल्यांनी घरी गेले. पुढे पितृपक्ष लागला. आजोबांचं श्राद्ध दोन्ही घरी वेगवेगळं झालं. आजोबा बिचारे एकाच दुपारी दोनदा जेवले.

अशा पितृपक्षात हा सामना आला. “ह्या पंधरवड्यात भावाभावांना समोरासमोर आणायला नको होतं,” शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले. न्यूयॉर्कवाल्यांना पंचांग कोण दाखवणार!

आप्पांकडे खेळांचं चॅनेल नव्हतं आणि इन्व्हर्टरही नव्हता. आमच्याकडे दोन्ही होतं. “आईला भेटायला आलोय,” असं दारातच सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगून आप्पा आत आले आणि टीव्हीसमोर बसले. आई, म्हणजे माझी आजी, मागच्या खोलीत होती.

गट लगेच पडले. नाना पेसचे, कारण पेस वर्षभरानं मोठा. थोरल्या माणसानं थोरल्याचीच बाजू धरायची, हे त्यांना सांगावं लागत नाही. वर पुरावाही होता. 1996 साली अटलांटाला पेसनं कांस्यपदक आणलं, तेव्हा आपल्या खाशाबा जाधवांच्या 1952 मधल्या हेलसिंकीच्या पदकानंतर 44 वर्षांनी भारताला ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक दिसलं. “चव्वेचाळीस वर्षं!” नाना माझ्याकडे बघत आप्पांना म्हणाले. आप्पांनीही मलाच ऐकवलं, “त्यांना सांग, भारतात पहिली ग्रँड स्लॅम ट्रॉफी कुणी आणली? भूपतीनं. 1997, फ्रेंच ओपन. तीही जपानी बाईला जोडीला घेऊन.” मिश्र दुहेरी ही काय भानगड आहे, ते मास्तरांना समजावण्यात पहिले दोन गेम गेले.

मला मात्र कोर्टावरच्या दोन परक्या माणसांची दया येत होती. पेसनं जोडीला चेक प्रजासत्ताकाचा लुकास द्लोही आणला होता, भूपतीनं बहामाचा मार्क नोल्स. “वकील आहेत,” आप्पा म्हणाले. अगदी पटलं. भाऊ भावाशी भांडताना बाहेरचा माणूस लागतोच. आम्ही धुळ्याहून आणतो, हे जरा लांबून आणतात. त्यातून तो चेक. त्याच्या देशाचीही 1993 साली वाटणी झालेली, म्हणजे अनुभवी माणूस. आणि हसायला आम्ही तरी कोण? आमचा जिल्हाच 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा निघालेला.

पहिला सेट भूपती-नोल्सनं 6-3 असा घेतला. आप्पांनी चहा मागितला. नानांनी पंखा वाढवायला सांगितलं.

पण खरी रंगत आली ती रेषांवरून. कोर्टाच्या दोन्ही कडांना साडेचार-साडेचार फुटांची पट्टी असते. मास्तरांनी विचारलं, ही जागा कुणाच्या मालकीची? मी सांगितलं, एकेरीत ती बाहेर धरतात, दुहेरीत आत. मास्तरांनी क्षणभर डोळे मिटले. “म्हणजे एकट्यानं कसली तर पडीक आणि दोघांनी कसली तर बागायत.” खोलीत कुणी काही बोललं नाही. नाना शेंगदाणे निवडायला लागले. खारे, सोललेले शेंगदाणे होते ते, त्यात निवडण्यासारखं काही नव्हतं.

मग पडद्यावर ते यंत्र दिसलं. ह्याच सामन्यात की मधल्या जाहिरातीबिहिरातीत, ते आता आठवत नाही. यूएस ओपनमध्ये तेव्हा, 2006 पासून, खेळाडूला पंचाच्या निर्णयावर हरकत घेता यायची. मग संगणक चेंडूची वाट काढून दाखवायचा, तो रेषेला शिवला की नाही, अगदी मिलिमीटरमध्ये. दोन्ही भाऊ एकदम पुढे सरकले. नानांनी चष्मा काढून पुसला. हिरव्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर तो काळपट ठिपका उमटला, तशी आप्पांच्या तोंडून निघून गेलं, “बघा, मोजणी ह्याला म्हणतात!”

“आणि हरकतीचा निकाल तिथल्या तिथं,” नाना म्हणाले. “पुढची तारीख नाही.”

हे दोन्ही उद्गार माझ्यामार्फत गेले नव्हते. ते माझ्याही जरा उशिरानं लक्षात आलं. त्या दोघांच्या आलं, तसे दोघं पुन्हा आपापल्या टोकाला सरकले.

दुसरा सेट 6-3, पेस-द्लोही. आता पंखा आप्पांना कमी वाटायला लागला. तिसरा सेट सुरू झाला आणि वीज गेली. इन्व्हर्टरनं पाच-सात मिनिटं इमानदारी दाखवली, मग तोही लवंडला. पाहुणे पांगले. पुण्यातल्या मावसभावाला फोन लावायला मी गच्चीवर गेलो, कारण रेंज तिथंच यायची. खाली अंधारात दोन म्हातारे राहिले आणि भरपूर डास. पाचेक मिनिटांनी परत जिना उतरताना आप्पांचा आवाज ऐकू आला, “कासवछाप आहे का रे नाना?” आणि नानांचा, “फडताळात असेल. थांब, तू नको उठू, पायात स्टूल येईल.”

मी निकाल सांगितला. तिसरा सेट 6-2. पेस जिंकला.

नाना टाळ्या वाजवतील असं वाटलं होतं, नाही वाजवल्या. “भूपती दमला असणार,” ते म्हणाले. “पेसही काही तरणाताठा नाही आता,” आप्पा म्हणाले, “छत्तिशीचा झाला.” जिंकलेला हरलेल्याची बाजू घेतो आणि हरलेला जिंकलेल्याची काळजी करतो, असे चाहते मी पुन्हा पाहिले नाहीत. कोल्हापूरच्या तालमींत सांगितलं तर हाकलून देतील.

एवढ्यात मागच्या खोलीतून आजीनं विचारलं, “कोन जिंकना रे बेटा?”

“आपलाच, आजी.”

“मंग हारना कोन?”

“तोबी आपलाच.”

आजी थोडा वेळ गप्प राहिली. “मंग येवढं जागरण कसाले करं?”

त्या रात्रीपासून बोलणं थेट सुरू झालं. म्हणजे भांडणही थेट सुरू झालं आणि माझी मधली नोकरी गेली. पेस-भूपतीनं 2011 साली पुन्हा एकदा जोडी जमवली, ऑस्ट्रेलियन ओपनची अंतिम फेरी गाठली आणि तिथं 6-3, 6-4 असे हरले, तेही ब्रायन बंधूंकडून. हे दोघं सख्खे, जुळे भाऊ. नानांनी आणि आप्पांनी तो सामना एकाच बाजेवर बसून पाहिला. पुढच्याच वर्षी लंडन ऑलिंपिकच्या वेळी भूपतीनं पेसबरोबर खेळायला नकार दिला, त्याच हंगामात आमच्या बांधाची तिसरी मोजणी झाली.

बाभूळ मध्यावर निघाली. अजून उभी आहे.