खोक्यातली गादी

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या अरुंद जिन्यांवरून डबल बेडची गादी आता एकटा डिलिव्हरीवाला खांद्यावरून नेतो. हवा काढून, दाबून, गुंडाळून खोक्यात भरलेला फोम. वेष्टन कापलं की तो फुगतो आणि खोलीभर वास सुटतो. शिवाय ‘एक-दोन दिवस उघडी ठेवा’ अशी सूचना. म्हणजे नव्या गादीची पहिली रात्र मालक सतरंजीवर!

मेमरी फोमचं मूळ १९६६ सालच्या, नासासाठी झालेल्या विमानातल्या आसनांच्या संशोधनात. बेंगळुरूची वेकफिट कंपनी २०१६ साली निघाली आणि खोक्यातली गादी आपल्याकडे घरोघर पोचू लागली. शंभर रात्री झोपून पाहा, नको तर परत. मात्र फुगलेली गादी पुन्हा त्याच खोक्यात कोंबणं शाहूपुरी तालमीतल्या पैलवानालाही जमायचं नाही.

दाबल्यानं चांगला फोम लगेच बिघडत नाही; गोदामात महिनोन्‌महिने दबून राहिला तर गोष्ट वेगळी. हलका फोम लवकर बसतो. वॉरंटी दहा वर्षांची, पण खड्डा बहुधा इंचभर खोल लागतो. त्याहून उथळ असेल तर तो तुमच्या पाठीचा गैरसमज.

कापसाची गादीही बसायचीच, पण पिंजारी तोच कापूस पिंजून पुन्हा भरून द्यायचा. फोम पिंजता येत नाही. तेव्हा घेताना सवलत नंतर विचारा, आधी घनता विचारा. आकडा सांगत नसतील तर घेऊ नका.