सात रकाने

बाप : यांत्रिक, उष्णता, प्रकाश, ध्वनी, विद्युत, रासायनिक, अणू. सात रकाने आखलेत. कात्रणं दे भराभर, फेविकॉल वाळतोय.

लेक : हे घे, कोयनेचं धरण.

बाप : विद्युत.

लेक : वीज कुठाय त्यात? नुसतं पाणी तुंबलंय.

बाप : मग यांत्रिक. उंचावरचं पाणी, स्थितिज.

लेक : आणि बोगद्यातून पोफळीला उतरताना?

बाप : गतिज. तेही यांत्रिकच.

लेक : टर्बाइन फिरवल्यावर?

बाप : आत्ता झाली वीज! अख्ख्या प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट.

लेक : मग लावू कुठे?

बाप : फाड. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. पुढचं?

लेक : कुकर.

बाप : उष्णता.

लेक : शिट्टी वाजते ती?

बाप : ध्वनी.

लेक : शिट्टी उचलली कोणी?

बाप : वाफेनं... यांत्रिक.

लेक : खालचा गॅस?

बाप : रासायनिक. जळला की उष्णता आणि प्रकाश.

लेक : एका कुकरला पाच रकाने! तीन शिट्ट्यांत आईचा कुकर अख्खा धडा शिकवतो.

बाप : बाईंनी सात रूपं सांगितलीत, सातच लावायची.

लेक : शास्त्रज्ञ ज्यूलनं वजनं खाली सोडली, त्यांनी पाण्यातलं चक्र फिरलं आणि पाणी तापलं. १८४० च्या दशकातली गोष्ट. ते पाणी त्यानं कुठल्या रकान्यात घातलं असेल?

बाप : त्याला उद्या प्रोजेक्ट द्यायचा नव्हता.

लेक : उष्णता म्हणजे रेणूंची धावपळ, आवाज म्हणजे हवेची हालचाल. दोन्ही गतिजच की! प्रकाश तेवढा निराळा ठेव, बाकीच्या रेघा पूस.

बाप : पुसतो! आणि उरलेल्या कार्डशीटवर काय, तुझं डोकं चिकटवू?

लेक : बाण काढ. इकडून तिकडे. सगळ्यांचं माप एकच, ज्यूल.

बाप : माप मला शिकवू नकोस. घरातलं वीजबिल मी भरतो.

लेक : आणि पंपाच्या बिलावरून सोसायटीत भांडतोस. हजार लिटर पाणी वीस मीटर चढवायला १ लाख ९६ हजार ज्यूल लागतात. एक युनिट म्हणजे ३६ लाख. झाला अठरावा हिस्सा.

बाप : पंप स्वतः खातो ते?

लेक : दुप्पट धर. तरी नववा हिस्सा. तुझी आंघोळीची पंधरा लिटरची बादली तीस अंशांनी तापवायला अर्धा युनिट जातो. पंप ‘यांत्रिक’मध्ये, गिझर ‘उष्णते’त, म्हणून शेजारी शेजारी ठेवून कधी बघितलंच नाहीस.

बाप : मी तत्त्वासाठी भांडलो होतो.

लेक : ते कुठल्या रकान्यात?

बाप : जास्त बोलू नकोस. म्हणजे आता मी मूर्ख?

लेक : मी तुला कुठल्याच रकान्यात घातलं नाही.

बाप : रात्री अकरा वाजता बाप पुठ्ठे कापत बसलाय, त्याचं काही नाही. तुझा प्रोजेक्ट आहे हा!

लेक : माझा असता तर एव्हाना झाला असता.

बाप : ... कोयनेचा उरलेला अर्धा दे.

लेक : पंख्यानं उडाला. पलंगाखाली गेला.

बाप : मग काढ की.

लेक : तू काढ. मला सकाळी शाळा आहे.